सिद्धांताचा पेपर काढलात, आता खोदलेले वाचायचे कशाने?
पुरातत्त्व अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
पुरातत्त्व अभ्यास मंडळ

सविनय नमस्कार.

एम.ए. पुरातत्त्वाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आम्ही वाचला. ‘पुरातत्त्वीय सिद्धांत व अर्थनिर्णय’ हा ४ श्रेयांकांचा, म्हणजे ६० तासिकांचा अनिवार्य पेपर त्यातून काढला आहे. त्याचे उरलेसुरले पहिल्या सत्रातल्या ‘परिचय’ पेपरच्या शेवटच्या घटकात, ८ तासिकांत कोंबले आहे. मोकळ्या झालेल्या जागी ‘वारसा पर्यटन’ बसवले आहे. सोबतच्या टिपणात कारणे तीन: सिद्धांत हा पाश्चात्त्य विद्वानांचा आपापसातला वाद आहे, विद्यार्थ्यांना तो जड जातो, आणि त्यातून नोकरी मिळत नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही विदर्भातल्या उत्खननांवर, संग्रहालयांत आणि वर्गांत काम करतो. तुमच्याकडची मुले पदवी घेऊन आमच्याच ट्रेंचमध्ये उतरतात. त्यांनी एकदा खोदलेली जागा पुन्हा कुणालाही खोदता येत नाही. आमचा संबंध एवढाच, पण तो थोडाथोडका नाही. पत्र मंडळाला असले तरी खुले ठेवले आहे, कारण ज्या जमिनीचा हा प्रश्न आहे ती नागपूर, वर्धा, भंडाऱ्याच्या लोकांची आहे.

आधी ‘पाश्चात्त्य वाद’ या आक्षेपाबद्दल. काटोल मार्गावरच्या जुनापाणीची शिलावर्तुळे (दगडांच्या कड्याने वेढलेली लोहयुगीन थडगी) रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने खोदली आणि १८७९ साली त्यांवर लिहिले. तिथल्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्याने युरोपातल्या तशाच खुणांशी तुलना केली. सारखेपणा दिसला की मूळ एकच, हा त्या काळचा सिद्धांत होता, आणि तो कुणी ‘पेपर’ म्हणून शिकवला नव्हता. १९४७ मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने थर वेगळे करत खोदण्याची शिस्त आणली. पण महापाषाणीय (मोठ्या दगडांची थडगी बांधणारे) लोक बाहेरून आले असे सांगताना त्याच्याही मनात ‘नवी भांडी म्हणजे नवे लोक’ हेच समीकरण होते. १९७४ मध्ये लेश्निक या अभ्यासकाने दक्षिणेतल्या महापाषाणीय दफनांचा अर्थ फिरत्या पशुपालकांचा असा लावला. तोवर खोदली गेली होती ती मुख्यतः थडगी. घरे शोधलीच नाहीत तर माणसे बेघर दिसणारच! टाकळघाटची वस्ती १९६८-६९ मध्ये, नायकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी १९७८ ते ८० मध्ये, भागीमोहारीची घरे आणि धान्याचे अवशेष त्यानंतर, असा पुरावा साठत गेला तेव्हा कुठे शेती, पशुपालन आणि लोहकाम एकत्र करणारा समाज दिसू लागला.

म्हणजे सिद्धांत इथे पहिल्या दिवसापासून आहे. तो उघड मांडायचा की नकळत वापरायचा, एवढेच आपल्या हाती असते. आणि ज्याला तुम्ही परका म्हणता त्या ‘नवपुरातत्त्वा’वर (गृहीतके उघड मांडून पुराव्यावर तपासणारा विचारप्रवाह) डॉ. सांकलियांनी १९७७ मध्येच भारतीय दृष्टीने स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रा. पद्दय्यांनी १९९० मध्ये त्याचा हिशेब अँग्लो-अमेरिकन जगाबाहेर उभे राहून मांडला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते ८३ एवढा दीर्घकाळ एकच वस्ती आडवी उघडत नेली, ती ‘कोणता थर कुठल्या काळाचा’ या प्रश्नापुरती नव्हती. घरांची मांडणी, धान्यकोठार, लहानमोठ्या घरांतला फरक यांवरून समाजरचना कळते का, हे विचारण्यासाठी होती. मसुद्यात यापैकी एकही नाव नाही.

दुसरी हरकत मसुद्यातल्या तंत्रांच्या पेपरबद्दल. ड्रोन, जीआयएस (संगणकीय नकाशे), टोटल स्टेशन (मोजणीचे यंत्र) यांना भरपूर तास दिले आहेत. ते हवेतच, आमची तक्रार त्यांच्यावर नाही. पण ती यंत्रे कुठे खोदायचे ते सांगत नाहीत. नेहमीचा प्रसंग घ्या. शहर हिंगणा, काटोलच्या बाजूने वाढते आहे. समजा, नव्या ले-आऊटच्या हद्दीत ४० शिलावर्तुळे येतात. मुदत एका हिवाळ्याची आणि पैसा ४ वर्तुळांपुरता. कोणती ४ घेणार? सवयीने सगळ्यांत मोठी घेतली जातात, कारण तिथे ‘काहीतरी निघण्याची’ शक्यता जास्त. मग शस्त्रे निघतात, घोड्याचे अलंकार निघतात, आणि अहवालात योद्ध्यांचा समाज उभा राहतो. माहुरझरीला घोड्यांची दफने आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले हे खरेच. पण लहान वर्तुळांत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्या अलंकारांचा अर्थ ‘सगळे असे होते’ की ‘मोजकेच असे होते’, हे कसे ठरणार?

करायचे असते ते असे. चाळीसही वर्तुळांचा व्यास, कडेच्या दगडांची संख्या, उतार आणि पाण्यापासूनचे अंतर मोजायचे. लहान, मध्यम, मोठी असे गट पाडायचे. प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून निवड करायची. एक ट्रेंच मुद्दाम वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्यायची, कारण ‘इथे काही नाही’ हेही सिद्ध करावे लागते. वर्तुळ उघडताना त्याचे चार पाद करून आधी समोरासमोरचे दोन उतरवायचे आणि मधला अर्धा मीटरचा बॉल्क (न खोदलेली मातीची भिंत) शेवटपर्यंत राखायचा. तो राखला तरच कळते की कडेचे दगड आधी लावले की मुरमाचा भराव आधी झाला, आणि दफन एकदाच झाले की खड्डा पुन्हा उघडला गेला. पुन्हा उघडला असेल तर ते एका माणसाचे थडगे न राहता कुटुंबाची जागा होऊ शकते. सगळे वाचनच बदलते. घाईत मधोमध खड्डा मारणाऱ्याच्या हाती भांडी लागतात आणि हा प्रश्न कायमचा निकालात निघतो.

हा निवडीचा विचार नवपुरातत्त्वाचे प्रवर्तक बिनफर्ड, क्लार्क यांच्या १९६० च्या दशकातल्या मांडणीतून रूढ झाला. तुमच्या मसुद्यात त्यांना दीड तास मिळाला आहे, तोही त्यांच्या ‘वैशिष्ट्यां’साठी.

तिसरी हरकत आमच्या मते सगळ्यांत गंभीर, कारण ती आपल्याच मातीची आहे. पुरावा जमिनीत जसा पडला तसाच राहत नाही, तो कोणकोणत्या क्रियांतून जातो हे आधी समजले पाहिजे, असे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफरने १९७० च्या दशकात मांडले. विदर्भाइतकी याची गरज क्वचितच कुठे असेल. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात. वरच्या थरातला मणी भेगेतून खालच्या थरात जातो. खापर तिरके होते, कधी वर ढकलले जाते. ट्रेंचच्या भिंतीत मातीचे घासून गुळगुळीत झालेले पृष्ठ दिसले की समजावे, इथे माती स्वतःला ढवळत राहिली आहे. अशा जागी सर्वांत खालच्या थरात सापडलेला एकुलता एक काचेचा मणी धरून ‘या काळातच काच होती’ असे लिहिणे धाडसाचे आहे, आणि ते धाडस अधूनमधून होते.

याच्या तपासण्या महागड्या नाहीत. प्रत्येक मोठ्या खापराचा कल मोजायचा: बरीच खापरे आडवी असतील तर पृष्ठभाग टिकला आहे, सगळ्या कोनांत उभी-आडवी असतील तर ढवळाढवळ झाली आहे. वेगवेगळ्या थरांतली खापरे एकमेकांना जुळतात का पाहायचे. एकाच भांड्याचे तुकडे दुसऱ्या आणि पाचव्या थरात मिळाले तर त्या थरांना स्वतंत्र काळ देता येत नाही. माती ५ मिलिमीटरच्या चाळणीने चाळली तर बारीक मणी निसटतात. निदान काही ठरावीक घमेली २ मिलिमीटरच्या जाळीतून, पाणी सोडून गाळली पाहिजेत. जळके दाणे हवे असतील तर प्रत्येक संदर्भातून (थरातून किंवा खड्ड्यातून) मोजून, समजा २० लिटर, माती घेऊन तरंगवायची, म्हणजे पाण्यात सोडून वर येणारे हलके दाणे गोळा करायचे. काळ्या मातीची ढेकळे पाण्यात फुटत नाहीत; खाण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवावी लागतात. हे न करता ढेकळे हाताने चुरली की दाणेही चुरतात, आणि मग ‘शेतीचा पुरावा अल्प’ असे वाक्य अहवालात येते. त्या एका वाक्यावर पुढची दहा वर्षे लोक पशुपालकांचा सिद्धांत चालवतात.

चौथी हरकत कालमापनाची. मसुद्यात कार्बन-१४ (सेंद्रिय अवशेषांचे वय काढण्याची पद्धत) ‘वैज्ञानिक तंत्रे’ या पेपरात आहे आणि अर्थनिर्णयाशी त्याचा काही संबंध ठेवलेला नाही. विदर्भाच्या लोहयुगाला हे फार महाग पडेल. कार्बनचे आकडे कॅलेंडरच्या वर्षांत बदलताना जो आलेख वापरतात, तो इ.स.पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान जवळजवळ सपाट आहे. आपल्या शिलावर्तुळांचा बराच काळ नेमका याच पट्ट्यात येतो. प्रयोगशाळेने २४५० वर्षांपूर्वीचा, ३० वर्षांच्या अल्प त्रुटीचा आकडा दिला तरी प्रत्यक्ष उत्तर आठव्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुठेही असू शकते. यंत्र कितीही अचूक असो, पट्टा अरुंद होत नाही. तो होतो फक्त थरांचा क्रम हिशेबात घेतल्यावर: हा नमुना त्याच्या खालचा, तो याच्या नंतरचा, हे खात्रीने माहीत असेल तर संख्याशास्त्राने मधले पर्याय गाळता येतात. त्यासाठी कोणता थर कोणत्या खड्ड्याने कापला याचा हॅरिस मॅट्रिक्स (थरांच्या क्रमाची आकृती) ट्रेंचवरच, त्याच संध्याकाळी बनलेला असावा लागतो. एडवर्ड हॅरिसने तो १९७३ मध्ये तयार केला. तो अजूनही आपल्याकडे ऐच्छिक वाचनात आहे.

नमुना निवडतानाही विचार लागतो. सागाच्या जाड खोडाच्या गाभ्याचा कोळसा झाड तोडण्याच्या कितीतरी आधीचे वय सांगतो. म्हणून एका हंगामात वाढलेला जळका दाणा केव्हाही चांगला, आणि कार्बन-१४ मोजण्याच्या आजच्या एएमएस पद्धतीला एवढासा दाणा पुरतो. तो करणीच्या टोकाने उचलायचा, अॅल्युमिनियमच्या पन्नीत ठेवायचा, कापसात नाही. आणि तो दाणा भेगेतून आलेला नाही ना, हे तपासायला वर काळ्या मातीबद्दल सांगितलेले सगळे पुन्हा लागू होते. तंत्र आणि अर्थ वेगवेगळ्या सत्रांत ठेवले की विद्यार्थी आकडा घेऊन येतो आणि त्याचे काय करायचे ते त्याला कळत नाही.

काळ्या-तांबड्या भांड्यांविषयी थोडक्यात. ही भांडी राजस्थानातल्या आहाडला मिळतात, महापाषाणीय थडग्यांत मिळतात, उत्तरेत चित्रित राखी भांड्यांच्या संस्कृतीसोबतही मिळतात. आतली बाजू आणि काठ हवेविना भाजल्याने काळा, बाहेरची बाजू हवेत भाजल्याने तांबडी: ही भाजण्याची रीत आहे, एखाद्या जमातीचे ओळखपत्र नव्हे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ इयन हॉडरने १९८२ मध्ये केनियातल्या बारिंगो भागातून दाखवले की शेजारी राहणारे, रोज भेटणारे गटसुद्धा काही वस्तूंतून मुद्दाम वेगळेपण राखतात, तर काही वस्तू त्या सीमा सहज ओलांडतात. तेव्हा भांड्यांचे साम्य मोजून लोकांच्या येण्याजाण्याचे नकाशे काढणे थांबायला हवे. तसेच तलवार दिसली की पुरुष आणि मणी दिसले की स्त्री हेही थांबावे. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये खोदलेले शस्त्रांसह दफन योद्धा पुरुषाचे म्हणून शतकभर मिरवले. २०१७ मध्ये डीएनएने ती स्त्री ठरली. आपल्याकडे हाडे बहुधा चुरा होऊन मिळतात, म्हणून दातांचे एनॅमल जपून ठेवण्याची सवय लावायला हवी; त्यातल्या प्रथिनांवरून लिंग ठरवता येते.

गडचिरोलीतल्या माडिया गोंडांचे स्मृतिदगड दाखवून शिलावर्तुळांचा अर्थ सांगायची पद्धतही रूढ आहे. लोखंड गाळणाऱ्या आगरिया जमातीच्या मातीच्या भट्ट्यांवरून नायकुंडच्या विटांची भट्टी समजून घेणे उपयुक्त आहे, कारण फुंकनळी, हवेचा दाब आणि मळी (लोखंड गाळताना उरणारा कचरा) यांचे नाते भौतिक आहे. ते तेव्हाही तेच होते. पण श्रद्धा आणि विधींना तसा आधार नाही. मधली दोन हजारांहून अधिक वर्षे ओलांडून आजच्या माणसाला ‘प्राचीन काळाचा नमुना’ ठरवणे हे पुराव्यालाही धरून नाही आणि त्या माणसालाही अपमानकारक आहे. कोणती तुलना चालते आणि कोणती नाही, हे शिकवणारा घटक मसुद्यातून पूर्ण वगळला आहे.

शेवटी रामटेकजवळचे मनसर. हा विषय इथे नाजूक आहे याची आम्हाला जाणीव आहे. त्या टेकड्यांत कुणाला बौद्ध आचार्य नागार्जुनाशी जोडलेले बौद्ध केंद्र दिसते, कुणाला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर आणि प्रवरेश्वराचे देऊळ. इतिहाससंशोधक म.म. मिराशींनी तर प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले होते. एकच राजधानी, दोन जागा. एकच टेकडी, दोन धर्म. इथे बाजू घेणे आमचे काम नाही. पण विद्यार्थ्याला हे विचारता आले पाहिजे: ताम्रपटातले नाव आणि जमिनीतली वीट यांच्यातला दुवा कोणता? जागेवर मिळालेला लेख, मुद्रा, की फक्त भव्यता? नगरधनला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मृद्मुद्रा उत्खननात, थरातून मिळाली. नगरधन म्हणजेच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, या ओळखीला तिने जो आधार दिला तो नुसत्या वास्तूच्या आकाराने मिळाला नसता. मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून व्हीलरने १९४७ मध्ये इंद्रावर, म्हणजे ऋग्वेदातल्या आर्यांवर, कत्तलीचा आरोप ठेवला, आणि १९६४ मध्ये जॉर्ज डेल्सने ते सांगाडे एका वेळचे, एका थरातले नाहीतच असे दाखवले. ग्रंथातले वाक्य आधी ठरवून मग जमीन वाचली की असे होते. ज्या प्रदेशात पुराव्यांवरून मोर्चे निघू शकतात, तिथल्या पदवीधराला हे ८ तासांत शिकवून सोडणार?

‘जड जातो’ या कारणात मात्र तथ्य आहे. हा पेपर वर्षानुवर्षे ‘नवपुरातत्त्वाची वैशिष्ट्ये सांगा’ अशा प्रश्नांवर चालला. मुले गाइडमधून आठ मुद्दे पाठ करतात आणि विसरतात. वर्गात एकही खापर येत नाही. वाचायला मराठीत धड काही नाही. असा पेपर कंटाळवाणा होणारच. तो सुधारायचा सोडून काढून टाकणे हा उपाय आम्हाला मान्य नाही. नोकरीचे म्हणाल तर रस्ते, खाणी, धरणे यांच्या आधीची सर्वेक्षणे, संग्रहालयांच्या नोंदी, अहवाललेखन हीच कामे वाढत आहेत, आणि तिथे मोजणाऱ्यापेक्षा ‘का मोजायचे’ हे सांगू शकणाऱ्याची चणचण आहे.

आमच्या मागण्या अशा. सिद्धांत व अर्थनिर्णयाचा ४ श्रेयांकांचा अनिवार्य पेपर परत आणावा; वारसा पर्यटन ऐच्छिक म्हणून जरूर ठेवावे. ६० पैकी किमान २० तासिका विदर्भाच्या पुराव्यावर असाव्यात: जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, अडम, पवनी, मनसर, आणि शक्य तिथे प्रत्यक्ष वस्तू हातात देऊन. कालमापन आणि थरवाचन याच पेपरला जोडावे. लेखी परीक्षेचे निम्मे गुण एका कामाला द्यावेत: छापील उत्खनन अहवालातला एक पुरावा घेऊन त्याची दोन परस्परविरोधी वाचने लिहायची आणि कोणता नवा पुरावा मिळाला तर कोणते वाचन पडेल, ते सांगायचे. क्षेत्रकार्य १५ दिवसांच्या ‘स्थळभेटी’वरून सलग ४ आठवड्यांवर न्यावे, त्यात प्रत्येकाने संदर्भपत्रके भरावीत, एक सेक्शन (ट्रेंचच्या भिंतीतल्या थरांचे रेखाटन) काढावा, मॅट्रिक्स बनवावा आणि काळी माती स्वतः तरंगवून पाहावी. मसुदा संकेतस्थळावर टाकून हरकतींना ३० दिवस द्यावेत, आणि मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त जाहीर करावे.

मराठी वाचनसामग्री नाही ही अडचण आम्ही आमच्याकडे घेतो. घटकनिहाय टिपणे, आकृत्या आणि सरावासाठी खापरांचे संच तयार करून देऊ; मानधन नको. घटकांची यादी आणि मुदत तेवढी कळवावी.

आपले,
विदर्भात पुरातत्त्वाचे काम करणारे काही जण
नागपूर